दोघांना एकच अंगारा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या म्हणून लोक जिन्यावर बसले होते, जिना भरला म्हणून बाहेर रस्त्यावर हातगाड्यांच्या मधे उभे होते, आणि आतून नगारा वाजला की बाहेरचेही हात जोडत होते. स्टेजवर भवानीचा मोठा फोटो, फोटोपुढे परातीत अंगाऱ्याचा ढीग आणि ढिगाशेजारी हंबीरराव. पांढरं धोतर, भगवी शाल, कपाळभर मळवट आणि कानाला अडकवलेला माइक.

"सईबाई, वर या," हंबीरराव म्हणाले, आणि हॉल चिडीचूप झाला.

सईबाई माझ्याच इमारतीत, आदंबाक्कमला, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात काढून घरात मराठीच. संधिवातानं त्यांची बोटं सुजून अशी आखडली होती की ब्लाउजचे हूक सून लावून द्यायची आणि कॉफीचा टंबलर त्या दोन्ही तळव्यांमध्ये दाबून तोंडाला लावायच्या. त्यांच्यापुढे मोगऱ्याच्या कळ्यांची परडी आणि दोरा ठेवला गेला. इथे गजरा सुईनं ओवत नाहीत. कळ्या जोडीजोडीनं बोटांत धरायच्या आणि दोऱ्याची गाठ मारत पुढे जायचं. धडधाकट बोटांच्या मला ते चेन्नईत इतकी वर्षं काढून जमलेलं नाही. सईबाईंनी दोरा अंगठ्याला गुंडाळला, कळ्या उचलल्या, आणि बघता बघता हातभर गजरा त्यांच्या मांडीवर उतरला.

हॉल दणाणला. कोणी रडलं, कोणी शिट्टी मारली, नगारेवाल्याला तर आवरता येईना. मी डोळे फाडून बघत होते. हातचलाखी काही नव्हती. बोटं खरोखर चालत होती, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

"तुमच्या आंगांत एक फौज अहे!" हंबीररावांनी सुरुवात केली. "सरदार निजला, शिपाई निजले, म्हणून रोग आंत आला. अलोपती डॉक्टर काय करतो? फौजेलाच मारतो. मी काय करतों? नगारा वाजवतों! आई भवानीचा अंगारा जिभेवर पडट्ला, की अस्की फौज उभी! वात असो, कॅन्सर असो, शुगर असो, रोम्ब सिंपल! अंगारा कडू लागला तर भिऊ नका. पाप जळतं, ते कडूच लागतं."

ही तंजावरकडची मराठी, 'पडला'ला 'पडट्ला' म्हणणारी; 'अस्की' म्हणजे सगळी आणि 'रोम्ब' म्हणजे फार. पाप जळताना त्याची चव जिभेला कळते, हा शोध मला नवा होता. मी हसले. माझ्यामागे बसलेले एक निवृत्त बँक मॅनेजर कळवळून म्हणाले, "हसू नका, डॉक्टरम्मा. आमच्या आजीसारखं बोलतो तो. आमच्या भाषेत कोणी खोटं कसं बोलेल?"

मी अकोल्याची रुचिरा, कॅन्सरची डॉक्टर. बुवाबाजीच्या बाजूनं मी नाना तऱ्हेचे युक्तिवाद ऐकले आहेत, पण 'आमची मराठी बोलतो म्हणून खरा' हा तिथेच ऐकला. आणि मला तो कळलाही. ज्यांची मुलं शाळेत तमिळ आणि शोळिंगनल्लूरच्या आयटी ऑफिसात इंग्रजी बोलतात, ज्यांच्या घरातली मराठी म्हाताऱ्या माणसांबरोबर एकेक करून संपत चालली आहे, त्यांच्यासमोर हा गृहस्थ उभा राहून तीच भाषा खणखणीत बोलत होता. त्यानं आधी लोकांचे डोळे भरून आणले आणि मग जीभ पुढे करायला सांगितली. भामटा हुशार होता, एवढं मान्य करायला हवं.

त्याच संध्याकाळी मी खाली जाऊन सईबाईंना म्हटलं, "मला थोडा अंगारा द्या, तपासून बघते. आणि संधिवाताच्या डॉक्टरांची आठवड्याची गोळी तुम्ही बंद नाही ना केली?"

सईबाई गोड हसल्या. लाडात आल्या की त्या मला कण्णा, म्हणजे बाळ, म्हणतात. "गोळी कशाला आतां? आणि अंगारा तपासायला देतात काय, कण्णा? देवीची परीक्षा घेतलों तर पाप लागतं."

"सईबाई, सूज इतक्या लवकर उतरवणारं औषध मला माहीत आहे. ते चोरून दिलं तर घातक आहे."

"तुमच्या औषधानं नाही उतरट्ली ती अंगाऱ्यानं उतरट्ली, म्हणून तुम्हाला राग," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम मुरुक्कूची, म्हणजे इथल्या चकल्यांची, वाटी ठेवली. स्वतःच्या हातानं वळलेले मुरुक्कू. त्यावर माझा कोणताही मुद्दा टिकणारा नव्हता.

सईबाईंचा एकुलता एक मुलगा उदयसिंह. चाळिशीचा, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापायचं छोटं वर्कशॉप चालवणारा, बोलायला मोकळा. त्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर होता आणि तो फुप्फुसात पसरला होता. तो माझाच पेशंट. हंबीरराव चेन्नईत उगवायच्या आधीच त्याला आम्ही इम्युनोथेरपी सुरू केली होती. पहिल्या ड्रिपच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याच घरी बसून तो म्हणाला होता, "डॉक्टर, मशीनच्या भाषेत सांगा. मला तीच कळते."

मी सांगितलं होतं. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं काम गस्त घालण्याचं. परकं काही दिसलं की मारायचं. पण त्यांना ब्रेकही असतो, नाहीतर त्या आपल्याच अवयवांवर तुटून पडतील. कॅन्सरची पेशी लबाड, ती नेमका हा ब्रेक दाबून धरते आणि गस्तवाल्यांसमोरून निवांत वाढत राहते. ड्रिपमधलं औषध कॅन्सरला हातही लावत नाही. ते फक्त ब्रेकवरचा पाय काढतं, पुढचं काम तुमच्याच पेशी करतात.

"आणि गाडी सुटली तर?" उदयसिंहनं विचारलं होतं.

"सुटते कधी कधी. आतड्यांवर चढते, फुप्फुसांवर चढते. तेव्हा आम्ही स्टेरॉइड देऊन ब्रेक मारतो. मोजून, गरज असेल तेवढाच."

"आणि अम्माचं दुखणं?"

"त्यांची गाडी आपणहूनच सुटली आहे. त्यांच्या पेशी सांध्यांना शत्रू समजून मारतायत. त्यांना ब्रेक लावायचा. आठवड्याची गोळी तेच करते, हळूहळू. तेवढ्यानं भागलं नाही तर नवी इंजेक्शनं आहेत, ती सूज आणणारा एकच निरोप वाटेत अडवतात आणि बाकीच्या फौजेला फारसं छेडत नाहीत."

तो मोठ्यानं हसला होता. "एका घरांत दोन गाड्या. एकीला ब्रेक नाही, दुसरीचा जॅम."

त्याचा पहिला स्कॅन फार चांगला आला. फुप्फुसातल्या गाठी लहान झाल्या होत्या. एवढ्या चांगल्या स्कॅनला आम्ही डॉक्टर लोक एकमेकांना बोलावून दाखवतो. त्याची बायको नंदिता माझ्या टेबलावर डोकं टेकवून रडली. इतक्या पसरलेल्या रोगात मी कोणाला भलती आशा दाखवत नाही, पण त्या दिवशी मी तिला म्हटलं, "ह्यांच्यासारखे काही पेशंट वर्षानुवर्षं चांगले राहतात." ते खरं होतं, तेव्हा खरं होतं.

पुढचे महिने उदयसिंह छान दिसत होता. भूक परत आली, खोकला थांबला, गाल भरले. तो वर्कशॉपला जाऊ लागला. प्रत्येक ड्रिपआधी आमची नर्स विचारायची, मीही विचारायची, "आमच्याशिवाय आणखी काही औषध घेता? आयुर्वेदिक, इथल्या सिद्ध वैद्यांचं, होमिओपथी, काहीही?" तो म्हणायचा, "काही नाही, डॉक्टर." खोटं बोलत नव्हता.

मग दुसरा स्कॅन आला. गाठी परत वाढल्या होत्या, आणि यकृतात नव्या दिसत होत्या.

उदयसिंह आणि नंदिता माझ्यासमोर बसले होते. मी स्कॅन दाखवत होते आणि बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. भरलेले गाल. गोल, लालसर, तकाकी आलेला चेहरा, आणि हात मात्र काटक्या. मी इतके दिवस त्याला तब्येत समजत होते. मी त्याची बाही वर केली. दंडावर ठिकठिकाणी निळे डाग होते.

"उदयसिंह, तुम्ही काहीतरी घेताय."

"देवीशपथ नाही, डॉक्टर."

"औषध काही नाही हो," नंदिता म्हणाली. "अम्मा जेवणाआधी अंगारा देतात, तेवढाच. सगळ्यांनाच देतात. घरांत आलेला अंगारा एकट्यानं खायची रीत नाही आमच्यांत. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत अस्क्यांच्या जिभेवर. मी तेवढी घेत नाही. मला कडू सोसत नाही, मी पदराला पुसून टाकते."

मी 'औषध घेता का' म्हणून विचारत होते, आणि अंगाऱ्याला औषध म्हणायचं त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रसाद हा प्रसाद. तो पोटात गेला तरी रक्तात उतरतो, असं कोणी मानत नव्हतं.

उदयसिंहनं टेबलावरचा स्कॅन स्वतःकडे ओढून घेतला. मग सावकाश म्हणाला, "थांबा, डॉक्टर. हंबीरराव म्हणतो, अंगारा फौजेला उठवतो. फौज उठट्ली असती, तर अम्माचे सांधे आणखी सुजले असते. तिचे उतरले. म्हणजे अंगारा फौजेला निजवतो." त्यानं स्कॅनवर बोट टेकवलं. "आणि तोच मी खालों."

"तपासल्याशिवाय काही म्हणायचं नाही," मी म्हटलं. पण मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं होतं.

उरलेली पुडी नंदिता त्याच दिवशी घेऊन आली. माझी मैत्रीण श्रीनिधी औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं पुडी चाळून, विरघळवून, यंत्रात घालून बघितली. शेणीची राख, कापूर, पिठीसाखर आणि डेक्सामेथासोन. कुठल्याही दुकानात मिळणारं, अत्यंत स्वस्त स्टेरॉइड, गोळ्या कुटून मिसळलेलं. चिमटीभर राखेत मावेल इतकी थोडी मात्रा पुरते, म्हणूनच भामट्यांचं ते लाडकं. सूज उतरवतं, भूक वाढवतं, खोकला दाबतं, अंगात हुशारी आणतं. पहिल्या काही दिवसांत माणूस देवाचं नाव घेऊन नाचू लागतो. नंतर साखर चढते, हाडं पोकळ होतात, कातडी पातळ होते, चेहरा फुगतो, आणि आतल्या साऱ्या फौजेचे हातपाय बांधले जातात. हंबीररावांच्या नगाऱ्यानं कोणी उठत नव्हतं. तो अंगाईगीत वाजवत होता आणि जाहिरात रणशिंगाची करत होता.

श्रीनिधीचा अहवाल ऐकून उदयसिंह एवढंच म्हणाला, "अम्माला सांगू नका."

"त्यांना सांगावंच लागेल. त्याही तेच घेतायत."

"तिचं तिला सांगा. माझं सांगू नका. माझ्या जिभेवर तीच ठेवायची, डॉक्टर. स्वतःच्या बोटानं."

मी कबूल केलं. खाली गेले, सईबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. अंगाऱ्यात काय आहे, बोटं का सुटली. एक गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगितली, "हे एकदम बंद करायचं नाही. बाहेरून इतकं मिळतंय म्हटल्यावर तुमच्या शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलंय. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळेल. मी गोळी लिहून देते, ती हळूहळू कमी करू."

त्या ऐकत होत्या. हातवारे नाहीत, वाद नाही. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "फौजेला निजवतं म्हणालात?"

"हो."

"आणि उदयाला तुम्ही जें देता, तें उठवायचं?"

ज्या घरात मी मशीनच्या भाषेत एवढं समजावून सांगितलं होतं, तिथे आई भिंतीपलीकडे बसून ऐकत असणार, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

"मी दिल्यें त्याला," सईबाई म्हणाल्या. "थोडा जास्तच द्यायची. आजारी म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा अंगारा नळाखाली धुऊन टाकला आणि मी लिहून दिलेल्या गोळ्यांनाही हात लावला नाही. "त्याच औषधाची गोळी ती. तें आतां माझ्या तोंडांत जायचं नाही," असं नंदिताला म्हणाल्या. नंदितानं मला फोन केला, मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. ज्या बोटांनी मुलाच्या जिभेवर ते ठेवलं, त्या बोटांनी गोळी उचलायला त्या तयारच नव्हत्या. पुढच्या एका सकाळी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. अंग थंडगार, नाडी लागेना. आम्ही शिरेतून स्टेरॉइड आणि सलाइन देऊन त्यांना परत आणलं, पण तोवर इमारतीतल्या निम्म्या लोकांनी निकाल लावून टाकला होता. अंगारा नळाखाली धुतला, देवी कोपली.

हंबीररावांना आणखी काय हवं होतं? पुढच्याच शनिवारी हॉल नेहमीपेक्षा जास्त भरला. ह्या खेपेला मी श्रीनिधीचा अहवाल घेऊन गेले होते.

"काय झालं, पाहिलात?" हंबीरराव माइकमध्ये गहिवरले. "अंगारा मोरीत! आईला मोरीत! पडट्ल्या सईबाई, त्याच दिवशी पडट्ल्या! भवानी सोडते काय?"

मी उभी राहिले. "त्याच दिवशी नाही, हंबीरराव. तुमच्या अंगाऱ्यातलं स्टेरॉइड शरीरातून उतरल्यावर. सईबाईंना भवानीनं पाडलं नाही, तुमच्या डेक्सामेथासोननं पाडलं. आणि त्यांना उठवलंही त्याच जातीच्या इंजेक्शननं."

मी प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखवला. आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या तमिळमध्ये; ही कुठल्याही दुकानात मिळणारी गोळी आहे, हेही सांगितलं. मग म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःकडे बघा. हा अंगारा सुरू केल्यापासून ज्यांचा चेहरा गोल झालाय, साखर वाढलीय, अंगावर निळे डाग पडतायत, त्यांनी हात वर करा."

आधी कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. मग त्या बँक मॅनेजरांचा. मग एकामागून एक, खुर्च्यांतून, जिन्यावरून, भिंतीला टेकलेल्या बायकांतून हात वर येत गेले. लोक माना वळवून एकमेकांकडे बघू लागले. सगळीकडे तोच चेहरा होता, गोल, लालसर, तकतकीत. परक्या माणसाला वाटलं असतं, एकाच कुटुंबातली माणसं जमली आहेत. नगारेवाल्यानंही टिपऱ्या खाली ठेवून आपले गाल चाचपून बघितले. मला वाटलं, झालं. आता ह्यांना कळलं.

हंबीररावांनी दोन्ही हात उभारले. "पाहिलात? अस्क्यांच्या तोंडावर तेज! डॉक्टरम्मा स्वतः मोजून दाखवट्ल्या! पंजरासारखे आला होतात माझ्याकडे, आतां कसे गुटगुटीत अहांत! हेच आईचं तेज!"

आणि टाळ्या पडल्या. वर आलेले तेच हात एकमेकांवर आपटले आणि टाळ्या पडल्या. मी ओरडून सांगत राहिले, की ज्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे त्यांनी तरी हे तोंडात घालू नका, एकदम बंद करू नका, आपापल्या डॉक्टरला दाखवा. नगारा पुन्हा सुरू झाला होता. बाहेर पडताना एका बाईनं माझा पदर धरला. मला क्षणभर बरं वाटलं. तिनं कानाशी येऊन विचारलं, "त्या गोळीचं नाव एकदा परत सांगा ना. दुकानात मिळेल म्हणालात."

आम्ही तक्रार दिली. नमुने घ्यायला औषध खात्याची माणसं आली तेव्हा परात रिकामी होती आणि हंबीरराव गावात नव्हते. आता मदुरैकडे त्यांचा मोठा जम बसलाय म्हणतात. तिथेही आपली मराठी माणसं आहेत.

उदयसिंहचं स्टेरॉइड आम्ही पायरीपायरीनं उतरवलं आणि ड्रिप चालू ठेवली. फौज पुन्हा उठेल म्हणून वाट पाहिली. नंतर दुसरं औषध जोडलं. गाठी थांबल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात तो आईला उशाशी बसवून घ्यायचा आणि तिची बोटं स्वतःच्या हातात धरून ठेवायचा. ती पुन्हा सुजली होती. तो गेला तेव्हा नंदिता आणि सईबाई दोघी जवळ होत्या.

तेराव्यानंतर सईबाई जिना चढून माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसायलाही त्यांना वेळ लागला.

"हंबीररावाचा निरोप आला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, माझी भक्ती उणी पडट्ली म्हणून उदया गेला. तुम्ही म्हणता, अंगाऱ्यांत औषध होतं. त्याचं खरं मानलें तर देवीपुढे रडतां येतं. तुमचं खरं मानलें तर कोणापुढे रडूं, डॉक्टरम्मा?"

"चूक त्याची आहे, सईबाई. सर्वस्वी त्याची. तुम्हाला फसवलं त्यानं."

"सरी, बरं. चूक त्याची. हात माझा."

मी त्यांना खरं तेच सांगितलं, कारण त्यांना खोटं सांगणारा एक होऊन गेला होता. हे औषध पुष्कळांना लागूच पडत नाही. काहींना आधी लागू पडतं आणि मग कॅन्सर दुसरी वाट शोधतो, कुठलाही अंगारा न खाताही. उदयसिंह अंगाऱ्याशिवायही कदाचित गेला असता.

"कदाचित?"

"कदाचित."

"कदाचित घेऊन मी काय करूं, कण्णा?" त्या म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत खाली उतरल्या.

त्या माउलीला द्यायला माझ्याकडे ह्याहून मोठं काही नाही. विज्ञान कधी कधी इतकंच देतं, आणि त्या वेळी मला माझ्या विद्येचा राग येतो. पण हे वाचणाऱ्यांसाठी अजून वेळ आहे, म्हणून चार शब्द सांगते. रोग एकमेकांच्या उलट असतात. कुणाची फौज उठवायची असते, कुणाची आवरायची असते, आणि एकाच चिमटीत सगळे बरे करणारा माणूस एक तर अडाणी असतो नाहीतर चोर. तो तुमच्या आजीची भाषा बोलत असेल, तुमच्या कुलदेवीचं नाव घेत असेल, तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या आईची बोटं चालवून दाखवत असेल, तरीही विचारा. ह्यात काय आहे? ते शरीरात काय करतं? बंद केलं तर काय होतं? आमच्यासारख्या डॉक्टरांनाही हेच विचारा, आणि आम्ही टाळाटाळ केली तर आमच्याही खुर्चीवरून उठून जा. विचारल्यानं कुठलीच देवी कोपत नाही.

आणि जिभेवर जे जे ठेवता, अंगारा, तीर्थ, भस्म, मुळी, ते ते तुमच्या डॉक्टरला दाखवा. तुम्ही त्याला प्रसाद म्हणा, तुमचं रक्त त्याला प्रसाद म्हणत नाही.